न्यायमूर्तींच्या घरातील खटला

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी आमच्याच जिल्ह्यात, निफाड येथे झाला, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, अर्थशास्त्रावरील व्याख्याने यांची वाखाणणीही यथास्थित होते. त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडण्यास मात्र स्तुतिपाठक कचरतात. आणि खरी कसोटी तर तेथेच लागली होती.

1873 साली प्रथम पत्नी सखूबाई निवर्तल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे व विधवाविवाहपक्षाचे अग्रणी होते. त्यांनी एखाद्या विधवेचेच पाणिग्रहण करावे, ही सुधारकांची अपेक्षा रास्त होती. वडील गोविंदराव यांस नेमकी हीच धास्ती. त्यांनी त्वरा करून कुर्लेकरांची अकरा वर्षांची कन्या सून म्हणून योजिली. रानड्यांनी प्रथम विनवण्या केल्या, पण अखेर नमते घेतले आणि डिसेंबरात ते बोहल्यावर चढले. पित्राज्ञेचे निमित्त पुढे करून या वर्तनाचे समर्थन करणारे आहेत. आम्ही त्यांत नाही. त्यांच्या शब्दावर विसंबून ज्यांनी जातीचा रोष पत्करला, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

घरी आलेल्या रमाबाईंस अक्षरओळखही नव्हती. पतीने लागलीच पाटी हाती दिली. 1878 साली रानडे नाशकास बदलून आले, तेव्हाही अभ्यास चालूच होता. पुण्यास परतल्यावर इंग्रजीसाठी एक मडमबाई घरी येऊ लागली आणि सोवळ्याचा प्रश्न उभा राहिला. धडा झाला की रमाबाईंनी स्नान करावे, असा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा हुकूम सुटला. 1884 साली मुलींच्या हायस्कुलासाठी त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीत मानपत्र वाचले, तेव्हा तर माजघरात वाग्बाणांचा वर्षाव झाला.

रानडे या सर्वांत काय करीत? वडीलधाऱ्यांशी भांडत नसत आणि शिकवणे थांबवीतही नसत. न्यायासनावरून निकाल देणारा हा पुरुष घरातील खटला तहकूब ठेवी. त्या तहकुबीचा खर्च मात्र रमाबाईंवर पडे. त्यांच्या शांतपणाचे कौतुक करणाऱ्यांनी हा जमाखर्चही मांडावा. आमच्या व्यापारी वाचकांस तो समजावून सांगणे नलगे.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे वारले. रमाबाईंस तेव्हा चाळिशीही लागली नव्हती. पुण्याचे सेवासदन 1909 साली निघाले, त्याची धुरा त्यांनी वाहिली. आणि तेथे विधवा स्त्रिया शिक्षिका व परिचारिका होण्यासाठी शिकू लागल्या.