चार वर्षांची मुदत

कोपरखैरण्याला आमच्या शेजारच्या इमारतीत एक माथाडी कुटुंब राहतं. वडील वाशीच्या बाजार समितीत, कांदा-बटाट्याच्या बाजारात ओझी उचलतात. गाव पाटण तालुक्यातलं. त्यांची मुलगी गेल्या महिन्यात एका संध्याकाळी हातात कागद घेऊन माझ्याकडे आली. विलायतेतल्या एका विद्यापीठाने तिला अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.साठी प्रवेश देऊ केला होता. महिनाअखेरपर्यंत अनामत रक्कम भरायची, नाहीतर जागा गेली. मी बँकेत अडतीस वर्षं काढली आणि त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा काका, जाऊ का, असं तिने विचारलं. विचारताना ती माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होती.

मी तिला माझ्या धंद्यातलं सगळं सांगितलं. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागेल. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. सहकर्जदार म्हणून आईची किंवा वडिलांची सही लागेल. जाऊ का, याचं उत्तर मात्र मी दिलं नाही. ती गेल्यावर कपाटातून धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र काढलं आणि 1917 ते 1920 ही वर्षं पुन्हा वाचली.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ती ऐकताना पदव्या मोजायची आपल्याला सवय लागली आहे. मला, बँकवाल्याला, त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. ती मुदतीची आहे.

सुरुवात बडोद्याच्या शिष्यवृत्तीने झाली. 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले, 1913 च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि लगेच वडील आजारी असल्याची तार आली. 2 फेब्रुवारीला रामजी सुभेदार गेले. त्यानंतर सयाजीराव महाराजांनी अमेरिकेला पाठवण्याचं ठरवलं आणि 4 जूनला करारावर सही झाली: तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. बावीस वर्षांचं वय, बायको, एक लहान मुलगा, नुकतंच गेलेलं वडिलांचं छत्र. दहा वर्षांच्या बंधपत्रावर सही करायला धीर लागतो. मी अशी पुष्कळ बंधपत्रं लिहून घेतली आहेत. सही करणाऱ्याचा हात कसा थांबतो ते मला माहीत आहे. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. 1915 साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. झाली, प्रबंधाचं काम झालं, आणि 1916 साली ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्हीकडे एकदम नाव घातलं.

आणि 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. संस्थानने परत बोलावलं.

इथे त्यांनी जे केलं ते आजच्या मुलांना आवर्जून सांगावंसं वाटतं. त्यांनी जागा सोडली नाही. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली: ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे विद्यापीठाचं दार उघडं राहिलं, पण त्यावर तारीख पडली. ऑक्टोबर 1921.

परतीचा प्रवास महायुद्धातला. जर्मन पाणबुड्यांची भीती होती. ते स्वतः सुखरूप पोचले, पण निराळ्या बोटीने पाठवलेलं सामान पाणतीर लागून बुडालं. अमेरिकेत पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं त्यात होती. सामानाची जी भरपाई मिळाली त्याच पैशातून ते सप्टेंबरात बडोद्याला गेले. पुढची हकिकत प्रसिद्ध आहे. शिपाई लांबूनच फायली टेबलावर फेकत. शहरात राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या विश्रामगृहात उतरले; अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचा वेळ त्यांनी एका बागेत बसून काढला. दहा वर्षांच्या चाकरीचा करार असा दोन आठवड्यांत निकालात निघाला.

मुंबईत शिकवण्या केल्या. शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचं कार्यालय काढलं, ते चालूही लागलं. सल्ला देणारा कोणत्या जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची बंद झाली. लंडनमधल्या मुदतीतलं एक वर्ष असं गेलं.

नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती हे वेगळं सांगायला नको. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी प्यावं याला काही सहकाऱ्यांची हरकत होती. पण व्याख्यानं अशी रंगत की दुसऱ्या कॉलेजांतली मुलं येऊन बसू लागली.

आता बघा. ज्याला नुसतं स्थिरस्थावर व्हायचं आहे त्याची गोष्ट इथे संपते. बाबासाहेबांचं बिऱ्हाड मात्र परळला इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांतच राहिलं. पगारातली ठरावीक रक्कम ते रमाबाईंच्या हातात ठेवत आणि बाकीची लंडनसाठी बाजूला टाकत. साडेचारशे पगाराच्या प्राध्यापकाची बायको गरिबाचा संसार करत होती. रमाबाई दाभोळकडच्या. या दोघांचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, दुकानं उठल्यावर, रात्री लागलेलं. त्यांच्या पाच मुलांपैकी यशवंत हा एकटाच वाढला. चरित्रकार या वर्षांत बाबासाहेबांच्या वाचनाबद्दल लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण कर्जाच्या कागदावर सहकर्जदाराचा एक रकाना असतो, आणि माझी नजर सवयीने तिकडे जाते.

पैशापेक्षाही अवघड गाठ 1920 साली पडली. 31 जानेवारीला मूकनायक हे पाक्षिक निघालं. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे असं खुद्द छत्रपतींनी तिथे जाहीर केलं. मेअखेरीस नागपूरची परिषद झाली. समाज त्यांच्याकडे बघू लागला होता. वर्तमानपत्र जेमतेम सहा महिन्यांचं. अशा वेळी माणूस काय म्हणेल? मुदत अजून सव्वा वर्ष आहे, चळवळ जरा मार्गी लागू दे, पुढच्या वर्षी बघू. असं म्हटलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी मार्चमध्येच सिडनहॅमचा राजीनामा दिला होता. स्वतःची शिल्लक, कोलंबियातले मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढ्यावर जुलै 1920 मध्ये ते बोटीत बसले. (अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या राज्य सरकारची जी परदेश शिष्यवृत्ती आहे तिला राजर्षी शाहूंचंच नाव आहे.) मूकनायक पुढे फार टिकलं नाही. ही किंमतही त्या लंडनच्या जागेच्या खात्यावर मांडली पाहिजे.

लंडनचे दिवस तर उपासाचेच. घरमालकीण कंजूष, सकाळी पावाचा तुकडा, मुरंबा आणि चहा. मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्री कपभर बोव्हरिल आणि बिस्किटं. मध्यरात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या एकाने दिलेले पापड भाजून. जून 1921 मध्ये एम.एस्सी. झाले, जून 1922 मध्ये बॅरिस्टर. ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला आणि शिकायला म्हणून जर्मनीत बॉनला गेले. परीक्षकांनी 1923 च्या मार्चमध्ये प्रबंध सुधारून मागितला. पैसे संपले होते. ते मुंबईला परतले, इथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि वर्ष संपायच्या आत पदवी मिळाली. पुस्तक डिसेंबर 1923 मध्ये लंडनला छापून निघालं, आईवडिलांना अर्पण केलेलं. त्याच विषयावर दोन वर्षांनी त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. बेलापूरला रिझर्व्ह बँकेच्या कचेरीवरून जाताना मला हटकून ते पुस्तक आठवतं. नोकरीत असताना मी ते दोनदा वाचायला घेतलं आणि दोनदा अर्धं सोडलं. निवृत्तीनंतर पुरं केलं.

रमाबाई 27 मे 1935 रोजी गेल्या. त्यांच्या स्मृतीला बाबासाहेबांनी अर्पण केलेलं पुस्तक पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आहे. ते त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी निघालं.

माझंही एक सांगून टाकतो. 1981 साली मला एम.ए.ला प्रवेश मिळाला होता आणि त्याच आठवड्यात बँकेच्या नेमणुकीचं पत्र आलं. वडील गिरणीत होते. एक वर्ष नोकरी करू, मग कॉलेज, असं मी घरी सांगितलं आणि फी भरायची तारीख जाऊ दिली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर माझ्या पगाराशिवाय घरात दुसरा पगार आला नाही. मला त्याचं दुःख नाही. कादंबऱ्या मी बँकेत राहूनच लिहिल्या. पण ती तारीख अजून पाठ आहे.

मुदतीला दोन दिवस उरले असताना ती मुलगी पुन्हा आली, या वेळी आईला घेऊन. मी बाबासाहेबांचं उदाहरण देऊन म्हटलं की विद्यापीठाला पत्र लिहून जागा वर्षभर राखून ठेवता येते का ते विचारावं. दरम्यान हिने नोकरी करावी, थोडी शिल्लक टाकावी, म्हणजे कर्ज कमी लागेल. हिशेब चोख होता. मुलीचा चेहरा उजळला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की वर्षभर हिचा पगार घरात यायला लागल्यावर, साहेब, आम्ही हिला सोडू का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी नाही लागली तर महिन्याचा हप्ता किती, तेवढं लिहून द्या, असं ती म्हणाली. मी आकडा काढून दिला. ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. धाकट्याच्या क्लासची फी, गावच्या घराचं छप्पर असं काहीतरी पुटपुटली, आणि मग सही कुठं करायची म्हणून विचारलं.

मी रकाना दाखवला.