पांढऱ्या पेशींची फोड

दौंडच्या शाखेत असताना आमचा शिपाई रात्र रात्र खोकायचा. दम लागायचा, वजन उतरलेले. सगळ्यांच्या मनात क्षयाची धास्ती. बोलत मात्र कुणी नव्हते. त्याची सासुरवाडी शिरूरची. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. शंभर पांढऱ्या पेशींत पाच-सहाच असाव्यात, त्या इओसिनोफिल पेशी साठाच्या घरात निघाल्या. इस्नोफिलिया! तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी गडी शांत झोपू लागला.

घरोघरच्या तोंडी बसलेल्या या शब्दामागचा माणूस म्हणजे पॉल एर्लिख. जन्म १८५४चा, श्ट्रेलेन या तेव्हाच्या जर्मन गावात, ज्यू कुटुंबात. आईकडून नात्यातल्या कार्ल वायगर्ट यांच्यामुळे त्यांना रंगांचा नाद लागला. डांबरापासून केलेले नवे कृत्रिम रंग ते पेशींवर घालून पाहत.

पांढऱ्या पेशी मोजता येत होत्या. पण ती नुसती बेरीज. आम्ही बँकवाले जाणतो, एकूण रक्कम लिहून भागत नाही, नोटांची फोड लागते. एर्लिख यांनी काचेवर रक्ताचा पातळ थर दिला, तापवून सुकवला आणि रंगवला. इओसिन हा गुलाबी रंग ज्यांच्या कणांनी धरला, त्यांना १८७९ साली त्यांनी इओसिनोफिल म्हटले. वय अवघे पंचवीस! आजचा डिफरन्शिअल काउंट तिथून सुरू झाला.

क्षयाचे जंतू रंगवण्याची रीतही त्यांनी सुधारली. पुढे तेच जंतू स्वतःच्या थुंकीत सापडले. हवापालटासाठी इजिप्तला जाऊन ते बरे होऊन परतले. १९०८ साली मेचनिकॉफ यांच्यासोबत नोबेल मिळाले. १९१०मध्ये सिफिलिसवर आर्सेनिकयुक्त साल्व्हरसान बाजारात आले. १९१५ साली ते गेले. नाझींनी नंतर फ्रँकफर्टच्या रस्त्यावरचे त्यांचे नावही पुसले.

रक्तातले नाव मात्र राहिले. १९४३ साली मुंबईचे डॉ. वाइनगार्टन यांनी अशाच खोकल्याचे ८१ रुग्ण लॅन्सेटमध्ये नोंदवले. त्यांना गुण आला तो साल्व्हरसानच्याच घराण्यातल्या औषधाने! म्हणजे रोगाची खूणही एर्लिख यांची आणि पहिला उतारही. या खोकल्याचे मूळ डासांमार्फत शिरणाऱ्या हत्तीरोगाच्या कृमीत आहे, हे नंतर उमगले आणि साध्या गोळ्या आल्या.

आमच्या शिपायाला एर्लिख ठाऊक नव्हते. रिपोर्टाची घडी मात्र त्याने कित्येक वर्षे पाकिटात जपली. क्षय नाही, याची ती पावती होती.