मैलापूरहून विल्यम्स बेला

१९३६ साली केंब्रिजहून थोड्या दिवसांसाठी मद्रासला आलेला एक पंचवीस वर्षांचा तरुण ट्रिप्लिकेन भागात एका विधवेचा शोध घेत होता. ही विधवा म्हणजे थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या पत्नी जानकीअम्मल. केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना रामानुजन यांचे एखादे चांगले छायाचित्र हवे होते व ते मिळवण्याचे काम त्यांनी या तरुणावर सोपवले होते. जानकीअम्मल यांच्यापाशी पारपत्रासाठी काढलेले एक छायाचित्र निघाले. रामानुजन यांचा जो चेहरा आज जगभर ओळखला जातो, तो या छायाचित्रातला.

हा तरुण म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. रामानुजन १९१४ मध्ये विलायतेला गेले ते एकटेच. त्यांची अल्पवयीन पत्नी मागे राहिली. पाच वर्षांनी ते परतले ते खंगलेले शरीर घेऊन, आणि १९२० मध्ये त्यांचे निधन झाले. जानकीअम्मल यांच्या वाट्याला संसार असा आलाच नाही. चंद्रशेखर मात्र भारताच्या याच भेटीत विवाहबद्ध झाले आणि परदेशी जाताना पत्नीला बरोबर घेऊन गेले.

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. १९१८ मध्ये हे कुटुंब मद्रासला आले आणि पुढे मैलापूर भागातील ‘चंद्र विलास’ या घरात स्थिरावले. आई सीतालक्ष्मी यांनी इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’ या नाटकाचा तमिळ अनुवाद केला होता. रामानुजन यांचे नाव लहानग्या चंद्रशेखर यांनी प्रथम ऐकले ते आईच्याच तोंडून. १९३० मध्ये त्यांना केंब्रिजला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. तरीही मुलाने जावे, असा तिनेच आग्रह धरला. पुढच्याच वर्षी ती वारली. मुलाची व तिची पुन्हा भेट झाली नाही.

त्या प्रवासात बोटीवर केलेली आकडेमोड चंद्रशेखर यांना अजरामर करून गेली. इंधन संपलेल्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा अधिक असेल, तर तो श्वेतबटू म्हणून स्थिर राहू शकत नाही, हा तिचा निष्कर्ष. परंतु जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी या सिद्धान्ताची जाहीर खिल्ली उडवली. चोवीस वर्षांच्या संशोधकाला हा घाव जिव्हारी लागला. वाद घालीत आयुष्य घालवण्यापेक्षा आपले म्हणणे ग्रंथात मांडून दुसऱ्या विषयाकडे वळावे, असे त्यांनी ठरवले. तो ग्रंथ १९३९ मध्ये निघाला, परंतु इंग्लंडमधून नव्हे, अमेरिकेतील शिकागो विद्यापीठातून.

त्यांच्या पत्नी ललिता याही भौतिकशास्त्राच्याच विद्यार्थिनी. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यासमोरील प्रेसिडेन्सी कॉलेजात त्या चंद्रशेखर यांच्या एक वर्ष मागे होत्या. त्या काळी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुली फारच थोड्या. ललितांच्या घरी मात्र शिक्षणाचे वारे आधीच शिरले होते. त्यांच्या मावशी सुब्बलक्ष्मी या स्वतः बालविधवा होत्या. महाराष्ट्रात महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला जे कार्य उभारले, तशाच प्रकारचे कार्य त्यांनी मद्रासमध्ये केले. बालविधवांचे त्यांचे वसतिगृह किनाऱ्यावरील ‘आइस हाउस’ या इमारतीत होते. जहाजांतून अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचे बर्फ मद्रासला येत असे, ते साठवण्यासाठी ही इमारत एकोणिसाव्या शतकात बांधली गेली होती. ज्या तळ्यांवर असे बर्फ धरते, त्या मुलखात आपल्याला जन्म काढावा लागेल, हे तेव्हा ललितांच्या स्वप्नातही नसेल.

चंद्रशेखर केंब्रिजला असताना सहा वर्षे दोघांत पत्रांचाच आधार होता. दरम्यान ललितांनी एम.ए. केले, शाळेत अध्यापन केले आणि बंगळूरला संशोधनही आरंभले. सप्टेंबर १९३६ मध्ये त्यांचा विवाह झाला. वडीलधाऱ्यांनी स्थळ पाहून ठरवलेला हा विवाह नव्हता. कुंडल्या जुळवल्यावाचून तो पार पडला, ही गोष्ट त्या काळच्या मैलापुरात साधी नव्हती.

अल्पकाळ केंब्रिजला राहून जानेवारी १९३७ मध्ये हे दांपत्य अमेरिकेत विल्यम्स बे या गावी पोहोचले. शिकागोपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, जिनिव्हा सरोवराच्या काठी वसलेले हे चिमुकले गाव. येथील यर्कीज वेधशाळेत चाळीस इंची भिंगाची दुर्बीण होती. त्या जातीची तिच्याहून मोठी दुर्बीण जगात नव्हती. ज्योतिर्विदाला याहून चांगले ठिकाण कोणते? पण मद्रासच्या दमट उकाड्यात वाढलेल्या ललितांचे पहिले पाऊल पडले ते ऐन हिवाळ्यात. सरोवर गोठलेले, झाडे निष्पर्ण, रस्त्यांवर बर्फ, आणि आपली भाषा बोलणारे घराबाहेर कोणी नाही. १९४० च्या जनगणनेत अवघ्या अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक सुमारे २४०० च भरले. तेव्हा डाळ-मसाल्यांचे भारतीय दुकान गावात असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दोघांनी शाकाहार कधी सोडला नाही. ललितांनी थंडीवाऱ्यातही साडी नेसणे चालूच ठेवले. चंद्रशेखर मात्र कायम गडद रंगाच्या सुटात वावरत.

अमेरिकेचे कायदे तेव्हा आशियाई लोकांना देशात येऊ देत नसत. अध्यापक, धर्मोपदेशक अशा मोजक्यांनाच त्यांतून सूट होती. भारतीयांना तेथील नागरिकत्व मिळण्याची सोयही १९४६ पर्यंत नव्हती. विद्यापीठातही सारेच मोकळ्या मनाचे होते, असे नाही. शिकागोच्या मुख्य आवारात चंद्रशेखर यांनी शिकवण्याची योजना निघाली, तेव्हा त्यांच्या कातडीच्या रंगावरून एका अधिष्ठात्याने विरोध केला. विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांनी तो मोडून काढला आणि चंद्रशेखर यांनी शिकवले. विल्यम्स बेहून मोटारीने शिकागोला जाऊन ते वर्ग घेत. त्या वर्गात बसलेल्या ली आणि यांग या दोन चिनी तरुणांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गुरूंना ते मिळाले १९८३ मध्ये.

चंद्रशेखर पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम करीत. एक विषय हाती घ्यावा, वर्षानुवर्षे त्यात बुडून जावे, ग्रंथ लिहून तो विषय मिटवावा आणि नवा धरावा, अशी त्यांची रीत होती. त्यात १९५२ पासून जवळजवळ वीस वर्षे एका मोठ्या संशोधनपत्रिकेचे संपादनही आले. या नेमक्रमात ललितांचे स्वतःचे भौतिकशास्त्र मात्र मागे पडले. बंगळूरची प्रयोगशाळा सोडून आलेल्या या बाईंना त्याबद्दल काय वाटत असेल, याचा विचार वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या आयुष्यातील मध्यवर्ती गोष्ट म्हणजे ललितांची साथ, अशी कबुली चंद्रशेखर यांनी नोबेलप्रसंगीच्या आत्मवृत्तात दिली आहे. परंतु या कबुलीने मागे पडलेले संशोधन भरून येत नाही, हेही खरेच.

तथापि ललिता घरात मिटून राहिल्या नाहीत. भोवतालच्या सार्वजनिक जीवनात त्यांचे मन रमले. १९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्टीव्हन्सन या उमेदवाराच्या त्या उत्साही समर्थक होत्या. पण मताचा अधिकार नव्हता. पुढच्याच वर्षी पतिपत्नींनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. मुलगा कधीतरी मायदेशी परतेल, ही आशा उराशी बाळगून बसलेल्या वृद्ध पित्याला मद्रासमध्ये ही वार्ता कळली, तेव्हा ती त्यांना फार लागली. मद्रासशी नाते मात्र तुटले नव्हते. अमेरिकेतील शिल्पकार ग्रॅनलंड यांनी जानकीअम्मल यांच्याजवळच्या त्या जुन्या छायाचित्रावरून रामानुजन यांचा अर्धपुतळा घडवला. त्याची एक प्रत चंद्रशेखर दांपत्याने विकत घेतली व १९९४ मध्ये ती लंडनच्या रॉयल सोसायटीला भेट दिली.

विल्यम्स बे येथे २७ वर्षे काढून १९६४ मध्ये दोघे शिकागोला राहावयास गेली होती. तेथेच २१ ऑगस्ट १९९५ रोजी चंद्रशेखर यांचे निधन झाले. १९९९ च्या जुलैमध्ये ‘कोलंबिया’ हे अवकाशयान ‘चंद्रा’ नावाची क्ष-किरण दुर्बीण घेऊन रात्रीच्या अंधारात झेपावले. या यानाचे नेतृत्व आयलीन कॉलिन्स यांच्याकडे होते. अवकाशयानाच्या मोहिमेची धुरा एका स्त्रीकडे येण्याची ती पहिलीच वेळ. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर ते उड्डाण पाहणाऱ्यांत नव्वदीच्या उंबरठ्यावरील ललिता चंद्रशेखर होत्या.