संत आणि सिपाही

भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाला एक छोटेसे स्पष्टीकरण जोडलेले आहे. कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग समजला जाईल, असे ते सांगते. शस्त्र हे धर्माचरणाचे अंग मानणारा असा दुसरा उल्लेख घटनेत नाही. ही कृपाण ज्यांनी आपल्या अनुयायांच्या कमरेला बांधली, त्या गुरू गोविंदसिंगांनी युद्धाचा विचार नेमका कसा केला होता, हे मात्र पंजाबबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.

गोविंदसिंगांचा जन्म डिसेंबर १६६६ मध्ये पाटण्याचा. वडील नववे गुरू तेगबहादूर. काश्मीरमधील पंडित सक्तीच्या धर्मांतराची तक्रार घेऊन त्यांच्याकडे आले आणि त्यांच्यासाठी गुरूंनी १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद पत्करला. गुरू नानकांनी जानवे घालण्यास बालपणीच नकार दिल्याची कथा शिखांत घरोघरी सांगितली जाते. त्याच नानकांच्या गादीवरील नवव्या पुरुषाने इतरांच्या जानव्यासाठी प्राण दिले. त्या वेळी हातात शस्त्र नव्हते. तरीही शीख परंपरा या मरणाला वीरमरणच म्हणते. नवव्या वर्षी गादीवर बसलेल्या मुलाला मिळालेला युद्धाचा पहिला धडा हा असा होता.

पुढे त्यांच्या दरबारात पंडित, कवी आणि भाषांतरकार जमले, तशीच घोडी आणि शस्त्रेही जमू लागली. १६८८ मध्ये भंगाणी येथे पहिली मोठी लढाई झाली. समोर होते पहाडी राजपूत राजे आणि गुरूंच्या बाजूने धावून आले सढौऱ्याचे मुस्लिम फकीर पीर बुद्धूशाह. या लढाईत पीरांचे दोन पुत्र पडले. शिखांचा लढा म्हणजे दोन धर्मांमधील वैर, असे मानणाऱ्यांनी निदान एवढी एक लढाई तरी नीट वाचायला हवी.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात खालसा पंथाची स्थापना झाली. नंगी तलवार घेऊन गुरूंनी मस्तक मागितले आणि पाच जण एकामागून एक उठले, ही कथा सर्वश्रुत आहे. ते पाच कोण होते, हे अधिक महत्त्वाचे. लाहोरचा एक खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणक्या, द्वारकेचा कापड छापणारा छिंबा आणि बिदरचा न्हावी. यांतील छिंबा समाज पंजाबात आजही संत नामदेवांना आपले मानतो. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी तलवार धरली नव्हती, त्यांना गुरूंनी सिंह केले. पुढे दीडशे वर्षांनी इंग्रजांनी आपल्या फौजेच्या सोयीसाठी शिखांवर लढवय्या जमातीचा शिक्का मारला आणि तो आपल्याही डोक्यात पक्का बसला. जन्माने कोणी लढवय्या ठरतो, हा विचार त्या वैशाखीच्या बरोबर उलट आहे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. पाचांना अमृत देऊन झाल्यावर गुरूंनी हात जोडले आणि त्यांच्याचकडून स्वतः अमृत घेतले. गोविंदराय तेव्हा गोविंदसिंग झाले. सेनापती आपल्याच शिपायांचा शिष्य झाला. हा केवळ विधी नव्हता, याची कसोटी पाच वर्षांनी लागली.

प्रचलित कालगणनेप्रमाणे १७०४ च्या डिसेंबरात, दीर्घ वेढ्यानंतर आणि सुखरूप वाटेच्या शपथा मिळाल्यावर गुरूंनी आनंदपूर सोडले. शपथा मोडल्या गेल्या. पूर आलेल्या सरसा नदीवर कुटुंबाची ताटातूट झाली. चमकौरच्या मातीच्या गढीत गुरूंसोबत जेमतेम चाळीस माणसे उरली. थोरले पुत्र अजितसिंग आणि जुझारसिंग तेथेच लढून पडले. उरलेल्या पाच शिखांनी तेव्हा गुरूंना गढी सोडून जाण्याची आज्ञा केली. पुत्रांच्या प्रेतांजवळ मरणे सोपे होते. त्यांनी आज्ञा पाळली. तिकडे सरहिंदमध्ये धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग, नऊ आणि सात वर्षांचे, भिंतीत चिणले गेले. २०२२ पासून २६ डिसेंबर हा दिवस देशभर वीर बाल दिवस म्हणून पाळला जातो. त्या वेळी मालेरकोटल्याचे नवाब शेर मुहम्मद खान यांनी, स्वतः गुरूंविरुद्ध लढलेले असूनही, मुलांच्या हत्येला विरोध केला. शिखांनी ते स्मरणात ठेवले. १९४७ च्या कत्तलींत मालेरकोटला शांत राहिले, त्याचे श्रेय आजही त्या निषेधाला दिले जाते.

चारही पुत्र गमावलेल्या गुरूंनी त्यानंतर औरंगजेबाला फारसीत पत्र लिहिले, ते जफरनामा. त्यात बादशहाच्या शपथभंगाचा हिशेब आहे. सारे उपाय थकल्यावरच तलवार उचलणे न्याय्य ठरते, ही भूमिकाही त्यातच मांडलेली आहे. पंचप्यारांपैकी भाई दयासिंग आणि धरमसिंग ते पत्र घेऊन दक्षिणेत आले. बादशहाचा मुक्काम तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होता.

आनंदपूरच्या लढाईतील भाई कन्हैया यांची हकीकत शीख मुलांना लहानपणीच ऐकवली जाते. पखाल घेऊन ते रणांगणात फिरत आणि शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत. सोबत्यांनी तक्रार केली. गुरूंनी विचारले, तेव्हा आपल्याला कोणी शत्रू दिसतच नाही, प्रत्येक चेहऱ्यात गुरूच दिसतात, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. गुरूंनी त्यांच्या हाती मलमाची डबीही दिली. सेवापंथी संप्रदाय आपली परंपरा त्यांच्यापासून सांगतो. २०२१ च्या करोना लाटेत दिल्ली परिसरातील गुरुद्वारांनी प्राणवायूचे लंगर लावले, ते याच वाटेने.

वेढ्याच्या काळात चाळीस माझावासी शीख गुरूंना नाकारल्याचा कागद लिहून देऊन घरी निघून गेले होते. माई भागो नावाच्या स्त्रीने त्यांना लाज वाटेल असे सुनावले आणि परत रणात आणले. खिदराण्याच्या तळ्याकाठी ते मरेपर्यंत लढले. गुरूंनी तो कागद फाडून टाकला आणि पळून गेलेल्यांना मुक्त म्हटले. ते स्थळ आज मुक्तसर आहे. माई भागो पुढे गुरूंबरोबर दक्षिणेत आल्या.

१७०८ मध्ये नांदेडला गोदावरीकाठी गुरूंनी माधोदास बैराग्याला बंदासिंग केले आणि पंजाबकडे धाडले. त्याच मुक्कामात मारेकऱ्याने त्यांच्यावर वार केला. जखम शिवली गेली, भरतही आली होती. पण कडक धनुष्य ओढताना टाके उसवले, असे सांगतात. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, वयाची बेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, ते गेले. मागे एकही पुत्र नव्हता. गादी त्यांनी कोणा सेनापतीला दिली नाही. नामदेव, कबीर, रविदास आणि शेख फरीद यांची वाणी ज्यात आहे, त्या ग्रंथापुढे माथा टेकून त्यांनी तोच पुढचा गुरू ठरवला.