पंडिता रमाबाई : निवाड्याकडून क्षमेकडे

दुसऱ्याच्या वर्तनाचा निवाडा करण्याची माणसाला मोठी हौस असते. मात्र त्याच माणसाला जवळ करून उभे करायचे म्हटले, की भले भले मागे सरतात. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला निवाडे जन्मापासूनच आले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला होता. पुढे शास्त्रीबुवा गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

तीर्थाटन, पुराणकथन आणि उपासमार यांत त्यांचे बालपण सरले. दुष्काळात आईवडील गेले. धाकटे वय आणि रिकामे हात अशा अवस्थेत रमाबाई भाऊ श्रीनिवास यांच्यासह देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भावाच्या निधनानंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या परजातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा मात्र गौरव करणाऱ्या समाजानेच पाठ फिरवली. दोन वर्षांत वैधव्य आले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

त्यांच्या जीवनाला कलाटणी देणारा प्रसंग तेथेच घडला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या होत्या. याच भगिनी लंडनजवळच्या फुलहॅम येथे, ज्यांना समाज ‘पतिता’ म्हणतो अशा स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. अशा स्त्रीला कोणी मायेने वागवावे, ती पुन्हा सन्मानाने जगू शकेल असे मानावे, हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. शास्त्रग्रंथांत त्यांनी वाचली होती ती अशा स्त्रीसाठी सांगितलेली कठोर शिक्षा. या करुणेचे मूळ काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवली. जिच्या पूर्वायुष्यात पाच पती होऊन गेले, अशा परक्या जमातीच्या स्त्रीपाशी येशू विहिरीवर पाणी मागतो. तिचे सारे आयुष्य ठाऊक असूनही तिला झिडकारत नाही, उलट तिच्याशी धर्माच्या गहन गोष्टी बोलतो. या कथेने रमाबाईंचे मन जिंकले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही क्षमेचा अर्थ त्यांना पुरता उमगला तो आणखी काही वर्षांनी. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी रुखरुख त्यांना लागली होती. १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले, की आपणही पापी आहोत आणि क्षमेची गरज आपल्यालाही तितकीच आहे. स्वतःला क्षमा मिळालेला माणूस दुसऱ्याच्या न्यायासनावर बसू शकत नाही, ही ख्रिस्ती शिकवण त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरली.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘शारदा सदन’ पुढच्याच वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मांतर घडवले जाते, या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इंग्लंडमधील धर्मगुरूही रमाबाईंच्या स्वतंत्र बाण्यावर नाराज होतेच. दोन्हीकडून दोषारोप होत असताना रमाबाई काम करीत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या आणि दौंडजवळ केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. त्याच परिसरात त्यांनी खास पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ काढले. फुलहॅमला पाहिलेले स्वप्न केडगावला साकारले.

क्षमा म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक, असा अर्थ रमाबाईंनी कधीच घेतला नाही. विधवांच्या छळावर त्यांची लेखणी तिखट चाले. १८९७ च्या प्लेगात सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे होणारे हाल त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर मांडले. रूढी आणि सत्ता यांना त्या जाब विचारीत; त्यांखाली चिरडलेल्या स्त्रीला मात्र आधी आसरा देत.

अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सुलभ मराठी भाषांतर करण्यात घालवली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ते दुःख उरात घेऊन त्यांनी हाती घेतलेले काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा देते. आपण रोजच्या व्यवहारात कितीजणांचे निवाडे सहज करून टाकतो. त्या प्रत्येकापाठीमागे एक माणूस उभा असतो, एवढे जरी या चरित्राने आपल्या ध्यानी आणून दिले, तरी पुष्कळ झाले.