विश्लेषण : गाडीची ‘शेपटी’ कापून हवेवर मात… वुनिबाल्ड कॅम कोण होते?

टोयोटा प्रियसचा मागचा भाग उतरत येतो आणि अचानक सरळ कापल्यासारखा संपतो. ही स्टाइल नाही, गणित आहे. त्याला ‘कॅमबॅक’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या जर्मन अभियंत्याची ही गोष्ट.

अडचण काय होती?

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. गाडीच्या मागे हवा विस्कटते, तिथे दाब कमी होतो आणि गाडी जणू मागे खेचली जाते. त्यावर उपाय म्हणून १९२०च्या दशकात पॉल जारे यांच्यासारख्या अभियंत्यांनी थेंबासारखा, निमुळता होत जाणारा आकार सुचवला. तो प्रभावी होता, पण एवढी लांब शेपटी घेऊन रोज रस्त्यावर फिरणार कोण?

कॅम यांनी काय केले?

१८९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात जन्मलेल्या कॅम यांनी १९३० मध्ये स्टुटगार्टमध्ये वाहन संशोधन संस्था उभारली. तिथल्या प्रयोगांतून दिसले की, शेपटी पूर्ण ठेवायची गरज नाही. छत हलक्या उताराने खाली आणायचे आणि गाडीचा छेद सर्वात रुंद भागाच्या साधारण निम्मा झाला की तिथेच कापायचे. हवा उताराला चिकटून येते आणि धारदार कडेवरून सुटते. मागचा कमी दाबाचा पट्टा लहान राहतो. बराचसा फायदा मिळतो, लांबी मात्र वाचते.

श्रेय एकट्याचे?

नाही. त्यांच्यासोबत काम करणारे राइनहार्ड फॉन कोनिग-फाक्सेनफेल्ड यांनी हीच कल्पना बससाठी मांडून तिचे पेटंट घेतले होते. लोकांच्या तोंडी मात्र कॅम यांचेच नाव राहिले.

शर्यतीत काय झाले?

बीएमडब्ल्यू ३२८ वर बेतलेल्या कॅम कूपेचा ड्रॅग गुणांक सुमारे ०.२५ होता. आजच्या गाड्यांनाही हा आकडा सहज जमत नाही. १९४०च्या मिले मिलिया शर्यतीत ही गाडी उतरली, पण ती शेवटपर्यंत टिकली नाही. जिंकली ती बीएमडब्ल्यूचीच दुसरी कूपे. आकार चांगला असला, तरी शर्यत संपूर्ण गाडीला जिंकावी लागते.

युद्धानंतर…

नाझी राजवटीच्या काळात ही संस्था लष्करी संशोधनातही गुंतली होती. कॅम यांच्या कारकिर्दीची ही बाजू वगळता येत नाही. युद्ध संपल्यावर अमेरिकेने इतर जर्मन तंत्रज्ञांसोबत त्यांनाही नेले. तिथे त्यांनी संशोधन आणि अध्यापन केले. पुढे ते जर्मनीत परतले आणि १९६६ मध्ये स्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

१९६२ च्या फेरारी २५० जीटीओपासून होंडा इनसाइटपर्यंत हा आकार दिसतो. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तर त्याची किंमत वाढली आहे. हायवेवर हवा कापण्यात बॅटरीचा मोठा वाटा खर्च होतो. ड्रॅग कमी झाला, तर त्याच बॅटरीत गाडी जास्त किलोमीटर धावते.