आचार्य विनोबा भावे : त्यांचे घर व त्यांची आई

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या आपणा श्रद्धावंतांस पवनारचे नाव नवे नाही. नागपूरच्या वाटेने जाताना धाम नदीचा पूल लागतो आणि तिच्या तीरावर आचार्य विनोबा भावे यांचा आश्रम दिसतो. त्यांच्या भूदानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही या ज्युबिली स्मरणिकेत ज्याविषयी लिहू इच्छितो तो विषय त्याहून लहान आहे; तो म्हणजे ज्या घरातून हा पुरुष आला ते घर. पुढील आयुष्यात विनोबा त्या घराच्या आठवणी भोवतालच्या मंडळींस सांगत, आणि त्यांतील बहुतेक आठवणी फिरून फिरून आईपाशी येत. ज्या माता आपल्या धर्मग्रामात मुलांचा हात धरून त्यांना क्रुसाची खूण करावयास शिकवितात, त्यांस हे चरित्र परके वाटू नये.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, पेण तालुक्यात गागोदे या लहानशा खेड्यात झाला. त्यांचे पाळण्यातील नाव विनायक. आई लाडाने विन्या म्हणे. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत, म्हणून विनायकाची पहिली सुमारे नऊ वर्षे आजोबा शंभुराव व आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेली. आजोबा मोठे व्रतस्थ होते. चंद्राच्या कलेप्रमाणे घास वाढवावयाचे व कमी करावयाचे असे चांद्रायण व्रत ते करीत. एकदा पूजेच्या वेळी देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसला. घरातील माणसे त्यास मारा म्हणून ओरडू लागली. आजोबांनी मात्र तो देवाच्या आश्रयास आला आहे असे सांगून त्यास हात लावू दिला नाही, आणि पूजा शांतपणे पुरी केली.

त्या घरात एक आंधळे गृहस्थ राहत. मुले त्यांस काका म्हणत, त्यांना घरच्यासारखेच जेवूखाऊ घातले जाई, आणि त्यांच्याविषयी कोणी वेगळा शब्द काढीत नसे. पुढे भावे कुटुंब बडोद्यास गेल्यावर ते वारल्याची वार्ता आली, परंतु घरात सुतक धरले गेले नाही. मुलाने आश्चर्याने आईस विचारले, तेव्हा त्यास प्रथमच कळले की आंधळे काका नात्याने त्यांचे कोणीच नव्हते. आम्हांस वाटते, परोपकार केला असे मुलांसमोर न बोलता परोपकार करणे हे फार थोड्या घरांस साधते.

आईचे नियम लहान होते, पण मोडत नसत. तुळशीस पाणी घातल्याशिवाय मुलास जेवावयास मिळत नसे. घरच्या झाडाचा फणस फोडला की प्रथम पानांवर वाटे घालून ते शेजारच्या घरोघरी पोहोचवावयाचे. हे काम विन्याचे. तो फिरून आल्यावर घरच्या माणसांनी खावयाचे. वडील बडोद्याहून येणार म्हणजे खाऊ आणणार, असे आईने एकदा सांगितले होते. नरहरराव आले आणि त्यांनी एक पुडके मुलाच्या हाती दिले. आत मिठाई नसून मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके निघाली. विन्या ती घेऊन आईकडे धावला, तेव्हा याहून गोड खाऊ दुसरा कोणता असणार, असे तिने त्यास पटवून दिले.

नरहररावांची वृत्ती शास्त्रज्ञाची. हिशेब व नेटकेपणा त्यांस प्रिय. एकदा रुक्मिणीबाईंनी देवास एक लाख तांदळाचे दाणे वाहण्याचे व्रत घेतले, आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहू लागल्या. पतीने सुचविले की तोळाभर तांदळात किती दाणे भरतात ते मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे, चुकीची भीती वाटल्यास थोडे अधिक घालावे, आणि काम संपवावे. आईस उत्तर सुचेना. तिने मुलास विचारले. मुलाने सांगितले की हे गणित नव्हे; एकेका दाण्याबरोबर देवाचे एकेक स्मरण होते, ते तराजूत कसे घालावयाचे? आपल्यांतील तरुण मंडळी आम्हांस पुष्कळदा विचारतात की जपमाळेत तीच प्रार्थना पन्नास वेळा का म्हणावयाची. ज्यांस दीडशे स्तोत्रे वाचता येत नव्हती ती साधी माणसे पूर्वी खडे मोजून तितक्याच प्रार्थना म्हणत. गणिताने उत्तर न देता आल्याने रुक्मिणीबाई गप्प राहिल्या, तरी दाणे मोजणे त्यांनी सोडले नव्हते, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

घरात एखादा गरीब विद्यार्थी ठेवून घेण्याचा नरहररावांचा परिपाठ होता. शिळे अन्न उरले तर आई ते स्वतः खाई, कधी विन्यास वाढी. त्या विद्यार्थ्यास मात्र नेहमी ताजे. मुलाने हा भेदभाव हसत हसत दाखविला. तिने तो नाकारला नाही. आपल्या मुलात आपल्याला मूल दिसते, त्या परक्या मुलात देव दिसतो. तूही जेव्हा मला तसा दिसू लागशील तेव्हा भेद उरणार नाही, अशा आशयाचे तिचे उत्तर होते. अखेरच्या न्यायाविषयी प्रभू येशूने जी शिकवण दिली ती या माउलीने वाचली होती असे मानण्यास कारण नाही. तरीही प्रभू भुकेल्याच्या रूपाने येतो हे ती जाणून होती.

अशा घरातून 1916 साली मुलगा निघून गेला. त्यापूर्वी त्याने चुलीपाशी बसून, आईच्या देखत, आपली शाळेची प्रमाणपत्रे जाळली होती. 25 मार्च रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून तो निघाला, वाटेत सुरतेस उतरला, आणि काशीस गेला. तेथून 7 जून रोजी तो अहमदाबादेस कोचरब येथे गांधीजींना भेटला. शेजारपाजारच्यांनी बोल लावले तरी आईने माझा विन्या वाईट मार्गास जाणार नाही असा विश्वास धरला. आपल्या धर्मग्रामातील ज्या घरांनी पुत्र वा कन्या धर्मसेवेस दिली आहे, त्यांस त्या घरातील पुढचे दिवस कसे गेले असतील हे आम्ही सांगावयास नको. पुढे बाळकोबा व शिवाजी हे धाकटे भाऊही त्याच वाटेने गेले. तिघांनीही आजन्म ब्रह्मचर्य पाळले.

1918 साली इन्फ्लुएंझाची साथ या घरात शिरली. आई अत्यवस्थ झाल्याचे कळताच विनोबा आश्रमातून बडोद्यास आले. 24 ऑक्टोबर रोजी रुक्मिणीबाई निवर्तल्या. सर्वांत धाकटा भाऊही त्याच साथीत गेला. अंत्यविधी पुरोहिताच्या हातून व्हावा असे वडिलांचे म्हणणे, तर तो आपण स्वतः करावा असा विनोबांचा आग्रह. वडील वळले नाहीत, आणि मुलगा स्मशानात गेला नाही. त्याने घरीच स्नान करून वेदाध्ययनास आरंभ केला. संत मोनिका ओस्तिया येथे 387 साली मरण पावली तेव्हा संत ऑगस्टीनने आपले अश्रू प्रयत्नाने आवरले होते, आणि नंतर एकांतात त्यांस वाट करून दिली. विनोबांची निष्ठा आम्ही जाणतो. तथापि त्या दिवशी पत्नीच्या चितेपाशी ज्येष्ठ पुत्रावाचून उभ्या राहिलेल्या नरहररावांकडे आमचे मन अधिक ओढ घेते.

आईच्या दोन वस्तू विनोबांनी जवळ ठेवल्या: तिच्या लग्नातील साडी व तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती. ती साडी ते कित्येक वर्षे उशास घेऊन निजत. पुढे केवळ खादी वापरण्याचे व्रत घेतल्यावर त्यांनी ती साबरमती नदीस अर्पण केली.

8 एप्रिल 1921 रोजी ते वर्ध्यास आले. आईस संस्कृत गीता कळत नसे. मराठी पद्यातील जुने भाषांतरही तिला अवघड वाटले, तेव्हा तूच सोपे का करीत नाहीस, असे तिने मुलास म्हटले होते. ती गेल्यावर बारा वर्षांनी, 7 ऑक्टोबर 1930 रोजी, वर्ध्यात त्यांनी ते काम आरंभिले, आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी पुरे केले. ग्रंथाचे नाव ठेविले गीताई, त्यात आई आलीच. साध्या माणसास आपल्या भाषेत ऐकावयास मिळावे हीच कळकळ फादर थॉमस स्टीफन्स यांना होती, म्हणून 1616 साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापले गेले, हे आपण विसरू नये. विनोबांनीही पुढे नव्या करारातील वेचे निवडून ख्रिस्तधर्म-सार हा ग्रंथ सिद्ध केला.

1938 साली प्रकृती खालावल्यामुळे ते पवनारास धामेच्या काठी राहावयास आले. तेथूनच 1940 साली ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून बाहेर पडले, आणि 1951 नंतर भूदानासाठी देशभर पायी फिरले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारासच त्यांचा अंत झाला. अखेरच्या दिवसांत त्यांनी अन्न व औषध वर्ज्य केले होते. त्याविषयी आमची धर्मशिकवण निराळी आहे.

तरुण विनायक वैराग्याचे नियम पाळू लागला तेव्हा आईने त्यास एकदा ऐकविले होते की आपण पुरुष असतो तर खरे वैराग्य कसे असते ते तुला दाखविले असते. तिला तशी संधी कोणी दिली नाही. 1959 साली मार्च महिन्याच्या 25 तारखेस, म्हणजे घर सोडल्यास 43 वर्षे झाली त्याच दिवशी, विनोबांनी पवनारास ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. आपल्या कॉन्व्हेंटांतील सिस्टरांप्रमाणे प्रार्थना, अध्ययन व हाताचे श्रम यांत आयुष्य घालवू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी, धामेच्या तीरावर.